न जाळलेल्या माणसाचा कलश

लातूरच्या ट्युशनच्या गल्लीत शिवानीचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिच्या रागाची त्या गल्लीत चांगलीच ख्याती आहे. "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आधी खडसावते, मग मशीन उघडते. आपोआप काही होत नसतं, असं तिचं ठाम म्हणणं. कुणीतरी काहीतरी दाबलेलं असतं आणि मग तेच साळसूदासारखं तोंड करून समोर उभं राहतं. त्यामुळं शनिवारी उदगीरहून आईचा फोन आला, "शिवा, घरातली माणसं ऐकंनात गं, जागची हलंनात," तेव्हा आधी ती हातातलं काम टाकून उठलीच. घरातली माणसं म्हणजे गेममधली माणसं, हे कळल्यावर मात्र तिचं डोकं सणकलं.

"आई, हे सांगायला तू भर गिऱ्हाइकीत फोन केलास?"

"तुझे अप्पा जेवायला येईनात," आई म्हणाली. "मग मला बी घास उतरंना."

शिवानीनं फोन कानाशी घट्ट धरला. तिचे अप्पा, भीमाशंकर, दिवाळीनंतर वारले होते, लिंगैक्य झाले होते.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर नीलाबाईंना कुणी वेडी म्हणेल, आणि त्या वेड्या नव्हत्या. झालं होतं असं, की धाकटी ऋतुजा कॉलेजात असताना तिनं एक परदेशी गेम आणला होता. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, उठवायचं, जेवू घालायचं, कामाला धाडायचं. मोठ्यांची भातुकलीच म्हणा. ऋतुजानं त्यात उदगीरचं आपलंच घर बांधलं. तीच ओसरी, अंगणात तोच कडुलिंब, आणि घरात चौघं: अप्पा, आई, शिवानी, ऋतुजा. अप्पा मोंढ्यातल्या धान्यबाजारातून आले की शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि "माझी मिशी येवढीशीच हाय का गं?" म्हणून भांडायचे. मग अप्पा गेले, ऋतुजाला पुण्यात नोकरी लागली, आणि रिकाम्या घरात कंप्युटर आणि आई दोघंच उरली. आईनं कुणाला न विचारता माउस धरायला शिकून घेतलं. रोज दुपारी ती आधी गेममधल्या अप्पांना कामावरून बोलावून जेवायला बसवायची आणि मग स्वतःचं ताट घ्यायची. मुलींना माहीत होतं. त्यांनी एकदा थट्टा केली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं शिवानी निघाली. रस्ताभर ती मनातल्या मनात ऋतुजाला शिव्या घालत होती. स्वतः पुण्यात जाऊन बसली आणि हे लचांड इकडं ठेवून गेली! आईला शुगर. उपाशीपोटी गोळ्या घेत असणार, आणि कुणासाठी, तर चित्रातल्या माणसासाठी.

घरात पाऊल टाकलं तोच तिला वास आला. लाकूड जळाल्याचा, आणि त्यात तूप.

"गॅसवर काय ठेवलंस?"

"काय न्हाई," आई म्हणाली. तिचे गाल बसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "वास ना? मला बी येतो. आठवडा झाला असंल. भाकरीला येतो, पाण्याला बी येतो. पण जळायलंय काय, ते सापडंना."

"तू काल काय खाल्लंस?"

आई दुसरीकडं बघू लागली. मग मात्र शिवानीचा बांध फुटला. "हे काय लावलंयस आई? अप्पा असते तर त्यांनी तुला उपाशी ठेवलं असतं का? एक गेम बंद पडला तर माणूस जेवायचं सोडतं? त्या मशीनची आज मी पूजाच बांधते बघ!"

"रागावू नगंस," आई म्हणाली. "नीट कर तेवढं. मग जेवते मी. तुझी शपथ."

शिवानी पदर खोचून बसली. माजघरात दार-खिडक्या उन्हासाठी लावून घेतलेल्या, वर पंखा गरगरत होता, आणि बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिनं कंप्युटर पुढं ओढला. वास कुठून येतोय म्हणून आधी डबाच उघडला. आत धूळ होती, पण जळलेलं काही नव्हतं. हात लावला तर सगळं गार. तिनं धूळ झटकली, पंखा पुसला, कंप्युटर चालू केला आणि गेम उघडला.

गेम कुथत होता. माउस हलवला की बाण अडखळत अडखळत पुढं जायचा. घर दिसलं. तिघी स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या: गेममधली आई, गेममधली ऋतुजा आणि खुद्द शिवानी. स्वतःची पाठ बघून तिला कसंसंच झालं. तिनं आपल्याच बाहुलीला हुकूम दिला, ओसरीवर जा. हुकुमाचं चिन्ह वर उमटलं, थोडं थांबलं, आणि विझलं. बाहुली हलली नाही. तिनं आईच्या बाहुलीला झोपायला सांगितलं, ऋतुजाच्या बाहुलीला आंघोळीला. चिन्हं उमटली, विझली.

असल्या रोगांवरची औषधं तिला पाठ होती. गेममधला साचलेला कचरा तिनं साफ केला. ऋतुजानं फुकटच्या साइटींवरून उतरवलेली नऊवारी लुगडी, धोतरं, चूल, उखळ असलं सगळं काढून बाजूला ठेवलं. ड्रायव्हर नवे घातले. तरी गेमचं कुथणं थांबेना आणि बाहुल्यांच्या पाठी फिरेनात. शेवटी तिनं ऋतुजाला फोन लावला.

"काय काय घातलंयस गं ह्याच्यात? इकडं आई उपाशी मरायलीय, माहीत हाय का तुला?"

"अक्का, मी काय केलं?" ऋतुजा रडवेली झाली. "मागं अपडेट आलं असेल. अपडेट आलं की सेटिंग्ज बदलतात. वय वाढणं मी बंद ठेवलं होतं, ते बघ चालू झालंय का."

शिवानीनं बघितलं. वय वाढणं चालू होतं. मग कुठं तिचं लक्ष खाली गेलं. घरातल्या माणसांचे चेहरे तिथं ओळीनं असतात, आणि त्यात अप्पांचा चेहराच नव्हता.

"ऋतू... ह्या गेममधलं माणूस म्हातारं झालं तर काय होतं?"

 पलीकडून ऋतुजा हळूच म्हणाली, "मरतं. आणि मग त्याचा कलश होतो, अस्थींचा. बघ, स्वयंपाकघरात कुठं असेल."

फडताळावर, तिघींच्या तोंडासमोर, एक काळा कलश होता. आईनं तो भांड्यांतलाच तांब्या समजून तसाच राहू दिला होता. बाण त्यावर नेला तसं नाव उमटलं: भीमाशंकर.

आता सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही? शिवानीच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्या लिंगायतांत कुणी जाळत नाही. अप्पांना मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला विभूती, तळहातात इष्टलिंग, रात्रभर भजन, आणि मग शेतात समाधी दिली होती, बसवूनच. शेवटची मूठ माती तिनं स्वतः टाकली होती. आणि कुठल्या देशातली कुठली कंपनी, त्यांनी एक दिवस बटण फिरवलं आणि तिच्या बापाला जाळून मडक्यात भरून फडताळावर ठेवून दिलं! कुणाला विचारून? मेलेल्याची रीत विचारायला ह्यांना तोंड नव्हतं?

"अक्का, विकून टाक तो कलश," ऋतुजा सांगत होती. "त्याच्यामुळंच अडकत असेल. विकला की निघून जातो."

"अप्पांना विकू?" शिवानी एवढ्या जोरात ओरडली की तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. मग तिनं मागं बघितलं. आई स्वयंपाकघरात होती, तिथून भांड्यांचा आवाज येत होता. आईला हे कळता कामा नये. तिनं आवाज खाली आणला. "मी त्यांना समाधी देणार. आपल्यासारखी."

गेममध्ये थडगं नव्हतं, समाधी नव्हती, पण पोहायचा हौद खणता येत होता. कडुलिंबाखाली शिवानीनं माणूसभर खोल हौद खणला, आत उतरायला पायऱ्या ठेवल्या. पाणी भरायचं बटण तिनं दाबलं नाही. मग ती कलश उचलायला गेली. बाणानं उचलावा, अंगणापर्यंत आणावा, सोडावा, की कलश पुन्हा फडताळावर. पुन्हा आणावा, पुन्हा फडताळावर.

"तो तसा नाही येत," ऋतुजा म्हणाली. "घरातलं कुणीतरी हातात घेऊन न्यावं लागतं."

म्हणून शिवानीनं आईच्या बाहुलीला हुकूम दिला. घे आणि ने.

तो हुकूम विझला नाही. बाहुली सरळ फडताळाशी गेली, कलश दोन्ही हातांत घेतला आणि चालू लागली. मागोमाग ऋतुजाची बाहुली, तिच्या मागं शिवानीची. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गेमचं अडखळणं थांबलं होतं; तिघी ओसरी उतरून, अंगण ओलांडून, संथ पावलांनी गेल्या. माजघरातला जळका वास इतका दाटला की शिवानीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आईची बाहुली हौदाशी थांबली नाही. पायऱ्या उतरून खाली गेली, कलश मांडीवर घेतला, आणि बसली. पाठ ताठ, पायांची मांडी घातलेली.

"ऋतू," शिवानी म्हणाली, "ही मांडी घालून बसली..."

"काय?"

"आईची बाहुली. खड्ड्यात. मांडी घालून..."

"अक्का, असं होत नाही. ह्या गेममध्ये मांडी घालताच येत नाही. अप्पांना ओसरीवर मांडी घालून बसवायचं म्हणून मी महिनाभर शोधलं होतं. खुर्ची लागतेच... अक्का, फोटो पाठव बरं."

शिवानीनं फोटो काढला नाही. ती बाहुलीला वर ये, वर ये, असे हुकूम देत होती. चिन्हं उमटत होती आणि विझत होती. काठावरच्या दोघी खाली बघत उभ्या होत्या. तिला आपल्या खांद्यावर श्वास जाणवला.

"झाक आता," आई म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली, कळलं नव्हतं. तिचा चेहरा शांत होता, आणि बारसं बघायला आल्यासारखी ती कौतुकानं पडद्याकडं बघत होती.

"आई, तू आत जा."

"तशीच बसवतात. तू बघितलंयस ना? त्यांना एकट्याला नगं गं ठेवू. लई दिवस एकटे हायेत... झाक."

"मी झाकणार न्हाई!" शिवानी उठूनच उभी राहिली. "अप्पांना जे केलं ते केलं, तुला काही होऊ देणार न्हाई मी. ऐकलंस का? मेलं ते घर आणि मेली ती भातुकली!"

आणि तिनं वाकून भिंतीतली वायरच उपटली.

पडदा काळा झाला. पंखा गरगरत होता. हळूहळू तिच्या लक्षात आलं की वास गेलाय. पार गेलाय, नावालाही नाही. आईनं डोक्यावरून हात फिरवून पदर सारखा केला.

"भूक लागली गं, शिवा," ती म्हणाली.

शिवानीला एवढं हलकं वाटलं की तिला रडूच आलं. तिनं फोनवर ऋतुजाला दोन शब्द सांगितले, ठेवला, आणि स्वयंपाकघरात शिरली. गरम भाकरी केली, वरण केलं, मिरचीचा ठेचा वाटला. ताट घेऊन बाहेर आली तर आई जमिनीवर बसली होती, मांडी घालून. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षांत ती खाली बसलेली नव्हती. पण ती जेवत होती, पोटभर जेवत होती, म्हणून शिवानीनं ते मनावर घेतलं नाही.

"अजून अर्धी वाढू?"

आई जेवत राहिली.

"आई, पाणी देऊ का?"

"हाव," आई म्हणाली, "वाढ अर्धी."

शिवानीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि तिच्याकडं बघत बसली. "ठेचा तिखट झाला का?" तिनं विचारलं.

"दे पाणी," आई म्हणाली.

शिवानी उठली. तिनं वायर भिंतीत घातली, कंप्युटर चालू केला, गेम उघडला. तिनं काही सेव्ह केलं नव्हतं. गेम जिथं सकाळी होता तिथंच उघडायला हवा होता. पण अंगणात हौद नव्हता. कडुलिंबाखाली जमीन सपाट होती. खाली ओळीत दोनच चेहरे, तिचा आणि ऋतुजाचा. आणि तिची स्वतःची बाहुली, न सांगता, खोरं भिंतीला टेकवून ठेवत होती. जरा म्हणून अडखळत नव्हती. इतका सुरळीत चाललेला गेम शिवानीनं आपल्या दुकानातल्या महागातल्या महाग मशीनवरही बघितला नव्हता.

"मी न्हाई झाकलं," ती पडद्याला म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "मी न्हाई झाकलं!" तिनं त्याच जागी पुन्हा खणलं. मग सगळं अंगण खणून काढलं. खड्डे मोकळे होते.

"न्हाई गं," मागून आई म्हणाली, "चांगला झालाय ठेचा."

त्याच संध्याकाळी तिनं आईला लातूरला आणलं. डॉक्टरांनी डोकं तपासलं, कान तपासले, रक्त घेतलं. "सगळं नॉर्मल आहे. उलट शुगर आता छान आहे," म्हणाले. शिवानी त्यांच्याशी भांडली. प्रश्न विचारला की उत्तर उशिरा येतंय, हे नॉर्मल कसं काय? तुम्ही विचारून बघा ना! त्यांनी विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" आई हसून त्यांच्याकडं बघत राहिली. "वयानं होतं असं," डॉक्टर म्हणाले. रिक्षा दुकानापाशी आली तेव्हा आईनं रिक्षावाल्याला सांगितलं, "नीलाबाई."

आधी घासाचा उशीर होता. मग तो जेवणाचा झाला, मग सकाळच्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर येऊ लागलं. बाकी सगळं ठीक चाललंय. आई खाते, झोपते, विभूती लावून पूजेला बसते, ताठ बसते. ऋतुजा पुण्याहून येऊन गेली. तिनं आईच्या गळ्यात पडून "आई, मी आलेय" म्हटलं, आणि ती परत गेल्यावर आई मोकळ्या दाराकडं बघून "कवा आलीस गं?" म्हणाली. शिवानीनं वेळ बघून बोलायला शिकून घेतलंय. संतापते, भांडी आपटते, कंपनीला मोठमोठी पत्रं लिहिते. त्यांची उत्तरं येतात, की आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे, कृपया गेम पुन्हा सुरू करून पाहा.

आज सकाळी चहाचं भांडं खाली ठेवताना आई म्हणाली, "हाव, आलं घाल." चहात आलं घालू का, हे शिवानीनं काल सकाळी विचारलं होतं. म्हणजे आता उशीर पुऱ्या एका दिवसाचा झालाय.

दुपारी शिवानी तिच्याजवळ भेंडी चिरत बसली होती. आई ताठ बसली होती. एकाएकी तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, चेहरा उजळला, आणि ती दाराकडं बघून लाजत म्हणाली,

"अहो, आले ना. तुम्ही बसा तोवर."

शिवानीनं विळी बाजूला सारली. ती ताडकन उठली आणि मोकळ्या दारावर ओरडली, "अप्पा, ती येणार न्हाई! तिला बोलवायचं न्हाई, सांगून ठेवते!" शेजारच्या सुमनबाई धावत आल्या. काय झालं, काय झालं, विचारू लागल्या.

शिवानी त्यांना काय सांगणार? काल दुपारी ह्याच वेळी खोलीचं दार लावलेलं होतं. आत आई होती आणि ती होती, आणि ती हरभरे निवडत होती. तिला कुणाचीही हाक ऐकू आली नव्हती.